कोथिंबीर निवडल्याचा आवाज

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर चवीने, हसत हसत वाचत आले. पिंपळावरच्या बायका, घाटात लिफ्ट मागणारे पांढरे कपडे... वाचायचे आणि मैत्रिणीला फोन करून सांगायचं, "आज पुन्हा कोणाला तरी उलटे पाय दिसले बघ." तेव्हा आता माझं वाचून तुम्ही हसलात तर ते रीतसरच आहे. हिशेब फिटला म्हणेन.

मी रिबेका. वय चौऱ्याहत्तर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. माहेर ठाण्याचं, सासर अलिबागकडचं, आणि गेली चाळीसेक वर्षं मुक्काम कॅनडात – टोरोंटोच्या उत्तरेला वॉनमध्ये. मागच्या रस्त्यावर वेअरहाउसेस, दिवसभर ट्रकांची ये-जा, आणि पुढच्या रस्त्यावर आमच्यासारख्यांची बंगलो घरं, ज्यांतली मुलं कधीच निघून गेली आहेत.

तरुणपणी मी काय चीज होते ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं पटणार नाही. बी.एस्सी. फिजिक्स, शाळेत विज्ञानाची शिक्षिका, केस खांद्यापर्यंत कापलेले आणि अक्कलही तेवढीच आखूड. नवीन लग्न झालं तेव्हा सासूबाई मला नवसाच्या मलिद्यासाठी, म्हणजे आमच्या गोड पोह्यांच्या नैवेद्यासाठी, अलिबागजवळ घेऊन गेल्या. तिथे एका खडकावर खूण आहे. आमचा प्रेषित एलियाहू हन्नबी रथातून स्वर्गात जाताना तिथे टेकला, असं आमचे लोक मानतात. सगळ्या बायका डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभ्या. आणि मी पर्समधून सहा इंची पट्टी काढली. खूण लांबी-रुंदीने मोजली, आणि खडकाची झीज कशी होते यावर तिथल्या तिथे दहा मिनिटांचं व्याख्यान दिलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला तो माझा विजय वाटला होता. आज ती पोरगी समोर आली तर तिची पट्टी काढून घेऊन तिच्याच हातावर मारीन.

त्या व्याख्यानाला हसलेला एकच माणूस होता. आमचे हे. डॅनियल.

डॅनियल मोठमोठे ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचे. आधी मुंबईत, मग इथे. आणि घरी बेसमेंटमध्ये स्वतःचा एक सेट होता. काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्वतः बांधलेला, कमरेएवढे दोन स्पीकर, आणि अलीकडे इंटरनेट रेडिओसाठी एक छोटा काळा डबा. माणूस अबोल. छत्तीस प्रश्नांना एकच उत्तर – "हं." पण आवाजाबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत. इंटरनेटवरून येणारा हा प्रवाह बारीक आहे, तबल्याला पोट नाही, ती बाई गातेय खरी पण तिच्या मागची भिंत ऐकू येत नाही... मी म्हणायची, "भिंत ऐकायची असेल तर भिंतीला कान लावा, मी गाणं ऐकते."

एकदा मी त्यांची स्पीकरला जोडलेली जाडजूड तार काढून तिथे टेबल-लॅम्पची साधी वायर लावून ठेवली. गुपचूप. फिजिक्सवाली ना मी. तार ती तार, तिच्यातून वीज जाते, अमृत नाही. संध्याकाळी ते येऊन बसले, गाणं लावलं, दोन मिनिटांनी उठले आणि सेटच्या मागे बघायला गेले. मी म्हटलं, "योगायोग." ते म्हणाले, "हं."

आता त्या रेडिओबद्दल. आमचे पुष्कळ लोक इस्राएलला आहेत. तिथल्या दक्षिणेकडच्या एका गावात एक निवृत्त बस-ड्रायव्हर इंटरनेटवर मराठी रेडिओ चालवतात. सगळे त्यांना आयझॅकमामा म्हणतात. दर शनिवारी शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, संपला की त्यांचा लाइव्ह कार्यक्रम. कोणाकडे बारसं, कोणाचा मलिदा, कोण गेलं, मधूनमधून जुनी गाणी, आणि लोकांनी फोनवर पाठवलेले निरोप. सगळं लाइव्ह. साठवून काही ठेवत नाहीत, चुकलं ते चुकलं.

गंमत अशी की तिथे शब्बाथ संपतो तेव्हा आमच्याकडे शनिवारची सकाळच असते. त्यांचे संध्याकाळचे सहा म्हणजे आमचे अकरा. आणि आमच्या घरी नियम होता – शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत शब्बाथचा दिवा लावला, की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत कुठल्याही बटणाला हात नाही. बाकी आम्ही काही फार कडक नव्हतो. पण हा एक नियम डॅनियलच्या आईचा होता, आणि तो त्यांनी समुद्र ओलांडून इथवर आणला होता.

मग काय करायचं? शुक्रवारी दुपारीच सेट चालू करून ठेवायचा. तिकडे आयझॅकमामाही तेच करायचे – शब्बाथच्या आधी लाइन उघडून ठेवायची आणि स्टुडिओला कुलूप लावून घरी जायचं. म्हणजे रात्रभर आणि अर्धा दिवस एक रिकामी खोली तिकडे, एक बेसमेंट इकडे, आणि मधे काहीच नाही. नुसती बारीक हवा वाहतेय असा आवाज. शुक्रवारी दुपारी डॅनियल गुडघे टेकून स्पीकरच्या कापडाला कान लावून बसायचे आणि केसभर इकडे, केसभर तिकडे असं बटण फिरवायचे.

"काही नाहीच आहे तर ॲडजस्ट काय करताय?" मी विचारायची.

"शांतता बसली पाहिजे नीट. शांतता बसली की आवाज आपोआप बसतो."

आणखी एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "याला लाइव्ह म्हणतात, पण हे आत्ताचं नसतं हं. अर्ध्या मिनिटापूर्वीचं असतं. पोहोचायला उशीर लागतो."

अकरा वाजता मामांचा आवाज आला की तो कधी खूप मोठा यायचा, कधी अगदी बारीक. पण हात लावायचा नाही. म्हणून मग फ्लोरा.

फ्लोरा आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहते. वसईची, कॅथलिक, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि जिभेने चार वर्षांनी मोठी. तिच्याकडे आमची किल्ली असते. दर शनिवारी पावणेअकराला येते. तिला बटण दाबायला काही बंधन नाही. पण आमच्यात अशीही रीत आहे की दुसऱ्याला सरळ "दाब" म्हणायचं नाही. फक्त सुचवायचं. म्हणून मी म्हणायची, "फ्लोरा, आज फार लांबून येतंय, नाही?"

"हो गो, फारच लांबून," ती म्हणायची आणि जागची हलायची नाही. चहाचा घोट घ्यायची. "किती लांबून येतंय म्हणतेस? वसईहून की त्याच्याही पुढून?"

मग डॅनियल हसायचे, आणि मग ती उठून आवाज मोठा करायची.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरात डॅनियलना हॉस्पिटलमध्ये ठेवलं. काळजीचं काही नाही, सोमवारी घरी सोडतो असं डॉक्टर म्हणाले. मुलगा जोएल लव्हालहून पाचेक तास गाडी चालवत आला आणि म्हणाला, "मॉम, यू गो होम. आय विल स्टे विथ हिम." गुरुवारी मी निघताना ह्यांनी माझा हात धरला.

"शनिवारी ऐक हं."

"ऐकतेच की दर शनिवारी."

"मामांना पाठवलंय काहीतरी. तुझ्यासाठी."

"गाणं?"

"हं."

"म्हणजे हो, गाणं, की नुसतंच हं?"

"ऐकशील तेव्हा कळेल."

शुक्रवारी बर्फ पडत होता. मी हॉस्पिटलमध्ये जाऊन आले, बसला उशीर झाला, घरात शिरेपर्यंत सूर्य मावळायला आलेला. बूटसुद्धा न काढता दिवा लावला, डोळे झाकून प्रार्थना केली. डोळे उघडले आणि लक्षात आलं – खाली सेट बंद आहे.

आता तुम्ही म्हणाल, अगं, जायचं खाली आणि दाबायचं. हीच बाई खडकावर पट्टी घेऊन गेली होती ना? खरं आहे. मी खाली गेलेही. सेटसमोर उभी राहिले. बोट बटणापासून चार इंचांवर. आणि मला वाटलं, आज मी नियम मोडला तर त्याचं काहीतरी यांच्यावर येईल. फिजिक्सची पदवी, आयुष्यभराची टिंगल, सगळं त्या चार इंचांत संपलं. मी बोट मागे घेतलं.

मनात म्हटलं, उद्या फ्लोराला सुचवीन. तर फ्लोरा नेमकी ग्वेल्फला लेकीकडे गेलेली. शनिवारी सकाळी मी खिडकीत उभी राहून रस्त्यावर कोणी परका माणूस दिसतोय का बघत होते. समोरचा इटालियन म्हातारा ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करत होता. मी काचेतून हातवारे केले. त्याने आनंदाने उलट हात हलवला आणि आत निघून गेला. अकरा वाजले. बारा वाजले. कार्यक्रम संपला.

दोन वाजता फोन वाजला. शब्बाथला आम्ही उचलत नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. जोएल होता. मी टॅक्सी बोलावून गेले. फोन उचलताना, टॅक्सीच्या दाराला हात घालताना मला शब्बाथ आठवला नाही. ते बटण दाबायला गेले तेव्हा मात्र आठवला होता. मी पोहोचले तेव्हा डॅनियल गेलेले होते.

जोएलने मला मिठी मारली आणि म्हणाला, "ही केप्ट आस्किंग, डिड शी लिसन? आय सेड यस, शी डिड. ही वॉज सो हॅपी, मॉम."

सेट बंद होता हे आजपर्यंत त्याला सांगितलं नव्हतं. इथे वाचून कळेल – मराठी वाचता आलं तर.

वर्षभर मी हे घेऊन राहिले. माणसाने जाता जाता आपल्यासाठी काहीतरी ठेवावं, आणि आपण ते उचलायला जाऊच नये. फ्लोराला तेवढं सांगितलं होतं. ती म्हणायची, "अगो, सरळ फोन कर त्या मामाला. विचार, काय पाठवलं होतं."

"कुठल्या तोंडाने विचारू? नवऱ्याचा शेवटचा निरोप ऐकला नाही म्हणून सांगू?"

"मग बस तशीच."

तशीच बसले. मामांनी कार्यक्रमात डॅनियलसाठी प्रार्थना म्हटली, तीही ऐकली, पण विचारलं नाही. खरं सांगायचं तर भीती लाजेपेक्षा मोठी होती. ते म्हणाले असते, "अहो, किती छान बोलला होता डॅनियल," आणि मग मला आयुष्यभर त्या "छान"मध्ये काय होतं याचा विचार करावा लागला असता.

घर फार मोठं झालं. दोन माणसांच्या घरातून एक अबोल माणूस गेला तर आवाजात किती फरक पडावा? पण पडतो. मी काही बोलले की ते भिंतीवर जाऊन तसंच परत यायचं. पूर्वी मधे एक "हं" असायचा. हळूहळू मी बोलणंच बंद केलं. कधी कधी फ्लोरा आली की घसा खाकरून आवाज काढावा लागायचा.

सेट मात्र त्या दिवसापासून एकाही शुक्रवारी बंद राहिला नाही. पण आवाज बिघडला होता. सुतकाच्या सात दिवसांत माणसं बसायला जागा हवी म्हणून जोएलने स्पीकर भिंतीला सरकवले होते. नंतर मी ओढत ओढत जागेवर आणले, पण ती जागा "ती" नव्हती. मामा बिस्किटांच्या डब्यातून बोलल्यासारखे यायचे. मीही गुडघे टेकून कापडाला कान लावून बघितला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघे टेकणं सोपं आहे, उठणं नाही. मला नुसती खरखर ऐकू यायची. शांतता काही बसली नाही. जोएल म्हणाला, "मॉम, जस्ट गेट अ स्मार्ट स्पीकर." मी म्हटलं, "घरात एक तरी वस्तू माझ्यापेक्षा कमी स्मार्ट असू दे."

आता ती गोष्ट.

गेल्या डिसेंबरातला शनिवार. त्यांचा वर्षदिन त्याच आठवड्यात होता. सकाळचे साडेदहा. लख्ख ऊन, बाहेर बर्फ, बेसमेंटच्या वरच्या छोट्या खिडकीतून पांढरा उजेड येत होता. माझी तब्येत ठीक, झोप व्यवस्थित झालेली, चष्मा डोळ्यांवर. हे अशासाठी सांगते की मी स्वतः पहिल्यांदा याच गोष्टी तपासते. मी पायांवर शाल घेऊन डॅनियलच्या खुर्चीत बसले होते. सेट शुक्रवार दुपारपासून चालू. कार्यक्रमाला अर्धा तास होता. नुसती खरखर.

आणि मी, का कोण जाणे, रिकाम्या खोलीत म्हणाले, "आज फार लांबून येतंय, नाही?"

सवयीने म्हणाले. फ्लोरा यायची होती. कदाचित आवाज अजून आहे का ते बघायला म्हणाले असेन.

थोड्या वेळाने खरखर बदलली. मोठी झाली नाही. खोल झाली... कसं सांगू? आतापर्यंत ती कापडावर चिकटलेली होती, ती कापडाच्या मागे गेली. समोरची भिंत जणू चार पावलं सरकली आणि मधे जागा तयार झाली. दोन स्पीकर आहेत हेच कळेना. मी सरळ बसले. हे मला त्यांच्या बोलण्यातून ओळखीचं होतं. चाळीस वर्षं ज्याची टिंगल केली ते पहिल्यांदा मला ऐकू येत होतं. शांतता बसली होती.

मग डावीकडे कुकरची शिट्टी झाली.

मी उठून जिन्याकडे निघालेसुद्धा. शब्बाथला माझ्या घरी कुकर कुठला? वर सगळं बंद. पुन्हा शिट्टी झाली, आणि ती सेटमधूनच येत होती. मग नळाचं पाणी. स्टीलचं ताट ओट्यावर ठेवल्याचा आवाज. आणि अगदी जवळ, कानापाशी, कोणीतरी कोथिंबिरीच्या काड्या मोडत होतं. टक्... टक्... एकेक काडी वेगळी कळत होती. त्या स्टेशनचा प्रवाह इतका बारीक की त्यावर तबलाही धड वाजत नाही, त्यावर कोथिंबीर.

मग एक बाई बोलायला लागली.

"अहो, त्या फोनशी काय खेळताय? जुडी कधीपासून तशीच पडलीय. आणि देठं एवढी घेऊ नका हं, मागच्या वेळी नुसती देठंच होती आमटीत..."

मला वाटलं, मामांनी लवकर सुरू केलं आणि कसलं तरी नाटक लावलंय. बाईचा आवाज जरा चिरका. एकामागून एक सूचना, नवऱ्याला श्वास घ्यायला जागा नाही. मी मनात म्हटलं, काय बाई आहे, हा बिचारा हिच्याबरोबर राहतो तरी कसा?

"उद्या डॉक्टरकडे जाताना निळा स्वेटर घाला, करड्याची कोपरं गेलीत. जोएलला फोन केलात? अहो, ऐकताय ना?"

"हं."

मंडळी, माणूस स्वतःचा आवाज पटकन ओळखत नाही. पण तो "हं" मी कुठेही ओळखीन.

मी तशीच उभी राहिले. एक हात जिन्याच्या कठड्यावर.

"हं काय? मी काय म्हणाले ते सांगा बघू," ती बाई, म्हणजे मी, म्हणाले.

एक काडी मोडली. मग ते अगदी फोनच्या जवळून, हसू दाबत म्हणाले, "कोथिंबीर."

आणि मी हसले. तिथे, सेटमध्ये. पुढे अजून बरंच होतं – मिरच्या संपल्यात, समोरच्या म्हाताऱ्याने आपल्या बाजूला बर्फ ढकललाय, फ्लोरा वाटी परत करत नाही. मी बडबडतेय आणि मधे मधे त्यांचा श्वास. दुसरं काही नाही. एकदाही फोनकडे तोंड करून ते काही बोलले नाहीत.

वर दार उघडल्याचा आवाज आला. फ्लोरा. बूट झटकत जिन्यावरून खाली येता येता ती नेहमीसारखी म्हणाली, "काय गो, सकाळी सकाळी डॅनियलला कशाला ओरडतेस?"

म्हणाली, आणि तिचं पाऊल जिन्यावरच थांबलं.

मी तिच्याकडे बघत होते. माझं तोंड बंद होतं. आणि सेटमधून माझा आवाज म्हणत होता, "आणि ती वाटी मी मागितली तर म्हणते, कुठली वाटी?"

फ्लोराने कपाळावर, छातीवर क्रूस केला. मग सगळं जसं आलं तसंच मागे मागे गेलं, कापडाला चिकटलं, आणि राहिली खरखर. अकरा वाजता मामा आले. बिस्किटांच्या डब्यातून.

फ्लोरा बटणाकडे बोट करून म्हणाली, "बंद करू?"

"राहू दे."

"ती तूच होतीस."

"हो."

मामांचा कार्यक्रम आम्ही दोघींनी शेवटपर्यंत ऐकला. मग ती म्हणाली, "वाटी आणते उद्या."

डॉक्टरकडे जायचं होतं, निळा स्वेटर होता, म्हणजे ते हॉस्पिटलमध्ये जायच्या आदल्या दिवसाचा, रविवारचा स्वयंपाक. एवढं माझं मलाच कळलं. बाकीचं विचारायला रविवारी सकाळी मी शेवटी आयझॅकमामांना फोन लावला. वर्षभर न उघडलेलं तोंड त्या दिवशी उघडलं. सगळं सांगितलं – सेट बंद राहिला, निरोप चुकला, आता हे असं ऐकू आलं, तुम्ही तो जुना निरोप चुकून पुन्हा लावलात का?

मामांनी मला दिवस आणि वेळ पुन्हा एकदा सांगायला लावली.

"ताई," ते म्हणाले, "मी तो लावलाच नव्हता."

"म्हणजे काल?"

"काल नाही, आणि त्या शनिवारीही नाही. डॅनियलचा निरोप आला होता, आठवतं मला. मी आधी ऐकून बघतो ना सगळं. चार-पाच मिनिटं नुसती भांडी वाजतायत, पाणी वाहतंय, लांबून कोणीतरी बाई काहीतरी बोलतेय... मला वाटलं, याच्याकडून चुकून फोन दाबला गेला. पुसून टाकला. पुढच्या आठवड्यात तो गेल्याचं कळलं, तेव्हा फार वाईट वाटलं. पण तुम्हाला काय सांगणार? तुमच्या नवऱ्याचा शेवटचा निरोप मी पुसला म्हणून?"

म्हणजे वर्षभर आम्ही दोघं, समुद्राच्या दोन बाजूंना, एकाच गोष्टीची लाज धरून बसलो होतो.

"काल साडेदहाला... म्हणजे तुमच्या साडेपाचला स्टुडिओत कोण होतं?"

"कोणी नाही. मी घरी चहा पीत होतो. किल्ली माझ्याच खिशात होती."

जोएलला मी आवाजाचं सांगितलं, लाजेचं वगळून. तो म्हणाला, "मॉम, इट्स प्रॉबब्ली बफरिंग ऑर समथिंग. मेबी डॅड सेव्ह्ड इट समव्हेअर." लव्हालहून आला, काळा डबा उघडून बघितला. त्यात काही साठवायची सोयच नाही. डॅनियलचा फोन त्यानेच पुसून कधीच कोणाला तरी देऊन टाकला होता. जाता जाता म्हणाला, "द सेट साउंड्स टेरिबल, बाय द वे." मी म्हटलं, माहीत आहे.

मी माझ्या बाजूनेही तपासलं. मी एकटी म्हातारी, वर्षदिनाचा आठवडा, मन जे ऐकू इच्छितं ते ऐकतं – हे व्याख्यान मी स्वतःच देऊ शकते, पट्टीसकट. पण मला भांड्यांचा आवाज हवा नव्हता. मला तर वाटत होतं त्यांनी एखादं गाणं पाठवलं असेल, नाहीतर चार गोड शब्द. माझ्या स्वप्नात मी एवढी कटकटी नक्कीच नसते. आणि फ्लोराचं काय? ती एका कानाने कमी ऐकते, हे खरं. पण त्या दिवशी वाटीची आठवण तिला कोणी करून दिली? मी तरी नाही, माझं तोंड तर बंद होतं.

तेव्हा तुमच्यातल्या कोणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा. फक्त "योगायोग" एवढंच लिहू नका, तो शब्द मी लॅम्पच्या वायरवर खर्च करून बसलेय. मला एवढंच माहीत आहे की मी काही चुकवलं नव्हतं. तो निरोप त्या शनिवारी गेलाच नव्हता. याला लाइव्ह म्हणतात, पण पोहोचायला उशीर लागतो, असं ते म्हणायचे. अर्धं मिनिट म्हणायचे.

त्यानंतर पुन्हा काही झालं नाही. स्पीकर जिथे आहेत तिथेच आहेत. दर शनिवारी साडेदहाला मी खाली जाऊन एकदा म्हणते, "आज फार लांबून येतंय, नाही?" आणि वाट बघते. फ्लोरा आता जिन्यावर मुद्दाम पाय आपटत येते.

फक्त एक झालंय. मी स्वयंपाकघरात पुन्हा बोलायला लागलेय. चांगलं मोठ्याने, पूर्वीसारखं. मिरच्या संपल्यात, बर्फ पुन्हा आपल्याच बाजूला, जोएलने फोन केला नाही. चाळीस वर्षं मला वाटलं हा माणूस ऐकत नाही, आणि ते तर रेकॉर्ड करत होते. न जाणो, अजून कुठे लाइन उघडी असेल.

कोथिंबीर मात्र मलाच निवडावी लागते.